बिनभोकाचं लेदर

लेदर हा शब्द त्या घरात गेला महिनाभर शिवीसारखा वापरला जात होता. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची हे ठरले, कंपनी ठरली, पांढरा रंगही विनातक्रार ठरला. बेसिक, मधलं की टॉप मॉडेल एवढेच ठरायचे राहिले तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली वहिनी म्हणाली, "सीट लेदरच्या हव्यात." लेदर फक्त टॉप मॉडेलमध्ये होते, बाकी दोन्हींना कापडी सीट. दादाने आधी हसून बघितले, मग समजावून बघितले आणि शेवटी बहिणीला फोन केला. या घराण्यात पुरुषांचे समजावणे संपले की बहिणीला फोन जातो, ही रीत आजोबांपासूनची.

"तिला म्हणावं, आपण गाडी घेतोय, सोफा नाही," ताई फोनवर म्हणाली होती.

हे वाक्य दादाने वहिनीला जसेच्या तसे सांगितले. कुठले वाक्य घरात आणायचे आणि कुठले दाराबाहेर ठेवायचे, हे त्याला कधीच कळले नव्हते.

ताई वकील. दुसऱ्या गावात तिचा चांगला जम बसला होता. महिनाभर उंटावरून शेळ्या हाकून झाल्यावर आज ती स्वतःच आली होती, कारण शोरूममध्ये जाऊन सह्या करायच्या होत्या आणि गाडी मास्तरांच्या नावावर व्हायची होती. मास्तर म्हणजे तिचे आणि दादाचे वडील. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवून, त्यांनी अर्धे शहर रस्त्यावर आणले होते. वहिनीसुद्धा त्यांची शिष्यच. आता त्यांची ड्रायव्हिंग स्कूल तीच चालवायची, आणि लग्नाला इतकी वर्षे होऊनही सासऱ्यांना मास्तरच म्हणायची.

सकाळी जुन्या गाडीची किंमत ठरवायला शोरूमचा माणूस आला. त्याने बॉनेट उघडले, दारे वाजवून बघितली, टायरवर बोट फिरवले. मग मागचे दार उघडून वाकला आणि डाव्या बाजूची सीट हाताने दाबली. पुन्हा दाबली. हाताचा वास घेतला.

"इथे काही सांडलंय का?"

"पाणी," वहिनी म्हणाली. तिचे उत्तर जरा लवकरच आले. "माझ्याकडून. बाटलीचं झाकण नीट लागत नाही."

"एकदा नाही सांडलेलं. आतला फोम पार मुरलाय."

"दोन-चारदा सांडलं."

ताई पायरीवर चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्यातला वकील जागा व्हायला एवढे पुरे होते. "गाडी तू चालवतेस ना? मग पाणी मागे कसं सांडतं?"

"मागे ठेवलेली असते बाटली."

"दोन-चार वेळा, त्याच बाटलीचं, त्याच जागेवर? आणि तरी बाटली बदलावीशी वाटली नाही?"

वहिनीने गाडीचे दार लावून घेतले.

"म्हणजे बघ दादा," ताई आत बघून म्हणाली, "साधी बाटली धड धरता येत नाही आणि बसायला लेदर हवंय. हपापलेपणा म्हणतात तो हाच."

दादा दाराशी बूट घालत होता. त्याने नाडी बांधायला हवा होता त्यापेक्षा बराच जास्त वेळ लावला. मास्तर व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

वहिनी घरात गेली, स्वयंपाकघराच्या नळाखाली हात धुतले, ते स्वच्छ असतानाच पुन्हा धुतले. हपापलेली. हा नवा शब्द होता. याआधी हौशी झाले होते, नाकाने कांदे सोलणारी झाले होते. या घरातल्या प्रत्येक गाडीचे ऑइल तिने बदललेले, प्रत्येक फाटकी सीट तिने सुई-दोऱ्याने टाचलेली. आजपर्यंत तिने स्वतःसाठी गाडीत साधा आरसा मागितला नव्हता. आणि आता ती हपापलेली.

तिला बोलता आले असते. एका वाक्याचे काम होते. पण ते वाक्य तिचे नव्हते.

मास्तरांचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लघवी धरवत नव्हती. घरात निभावून जायचे. त्यांची खोली न्हाणीघराला लागून होती आणि त्यांचे कपडे वहिनीच मशिनला लावायची. पण गाडीत, विशेषतः खड्डा आला की, किंवा सिग्नलला फार वेळ गेला की, व्हायचे. पहिल्यांदा झाले तेव्हा उतरताना मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले होते, "पाणी सांडलं वाटतं." तीही म्हणाली होती, "हो, सांडलं." तेवढ्यावर त्यांचा करार झाला. नंतर तिने औषधाच्या दुकानातून मोठ्या माणसांच्या चड्ड्यांचे पुडके आणून त्यांच्या कपाटात ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात, तिच्या टेबलावर परत आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे तर सुंभही जळला नव्हता. मास्तर पाठ दुखते म्हणून सीटवर टॉवेल घालून बसू लागले. मग मित्राकडे जाणे सोडले. मग गाडीत बसायला लागेल असे काहीही सोडले.

आता नवी गाडी आली आणि तिच्या नव्या कोऱ्या कापडावर पहिला डाग मास्तरांमुळे पडला, तर हा माणूस पुन्हा कधी गाडीत बसणार नाही, हे वहिनीला स्वच्छ दिसत होते. ज्याने जन्म गाडीत काढला तो चार भिंतींत बसून मरेल. लेदर पुसता येते. एका फडक्यात, कोणाला कळायच्या आत. एवढेच तिला हवे होते, आणि त्याच्यासाठी महिनाभर ती तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती.

*

शोरूममध्ये काचेसारखी फरशी होती आणि नव्या रबराचा वास. पांढरी दोन मॉडेल शेजारी शेजारी उभी होती, मधले आणि टॉप. टायवाल्या सेल्समनने सगळ्यांना पाणी विचारले. ताई म्हणाली, "पाणी नको. पाण्याचा आमच्याकडे जरा प्रॉब्लेम आहे," आणि स्वतःच हसली.

मास्तर कोणाशी न बोलता मधल्या मॉडेलकडे गेले, चालकाचे दार उघडले आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले. आरशात त्यांना आपली मुले आणि सून दिसत होती, जरा लहान आणि जरा दूर.

"सर शौकीन दिसतात," सेल्समन म्हणाला.

"माझे वडील," दादा म्हणाला. "त्यांना बसू दे. आपण मधल्याचंच बोलू."

दादाचे चष्म्याचे दुकान होते. आयुष्यभर गिऱ्हाइकाला महाग फ्रेम विकणारा माणूस स्वतः विकत घ्यायला गेला की किती सावध होतो, ते त्याच्याकडे बघून कळायचे. मधल्या मॉडेलमध्ये मागचा कॅमेरा होता, सगळ्या एअरबॅग होत्या. टॉपमध्ये वाढीव काय, तर छताला खिडकी, दारांत रंगीत दिवे आणि ते लेदर. सगळे दाखवण्यापुरते. त्याला एकच वाटत होते, की हे एकदाचे उरकावे. आपली बायको एका सीटसाठी इतकी अडून का बसली आहे, हे त्याने तिला एकदाही विचारले नव्हते. जुन्या गाडीत वास येतो हे त्याच्या लक्षात आले होते. त्यावर त्याने आरशाला टांगायची सुगंधी डबी आणली होती आणि प्रश्न सुटला असे मानले होते.

"मधलं घेऊन वरून लेदरची कव्हरं शिवून घेतली तर?" वहिनीने सेल्समनला विचारले.

"नको, मॅडम. सीटच्या बाजूलाच एअरबॅग असते. कव्हर चढवलं तर ती उघडणार नाही. वॉरंटीही जाईल."

"आणि शिवणीतून आत जातं," वहिनी स्वतःशीच म्हणाली.

"काय जातं आत?" ताईने विचारले.

"पाणी."

"परत पाणी." ताईने हातातले माहितीपत्रक मिटले. ते तिने वाटेत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले होते. कागद वाचल्याशिवाय ती लग्नपत्रिकासुद्धा बाजूला ठेवत नसे.

वहिनी टॉप मॉडेलकडे गेली. मागचे दार उघडून तिने सीटवर तळहात ठेवला. मऊ होते, गार होते. महिनाभर जिच्यासाठी बोलणी खाल्ली ती वस्तू आज पहिल्यांदा हाताला लागत होती. "यावर पाणी सांडलं तर?"

सेल्समन जणू याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, झाकण काढले आणि सगळ्यांकडे एकदा बघून सीटवर ओतली. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला. पाणी मधल्या खोलगट भागात साचले.

मास्तर आरशात बघत होते.

"आता बघा." सेल्समनने खिशातून रुमाल काढला, एका झटक्यात सीट पुसली. "काही कळतंय?"

"वा," दादा म्हणाला, कारण कोणीतरी काहीतरी म्हणायला हवे होते.

वहिनी वाकली. तिने सीटवरून बोट फिरवले, मग सेल्समनच्या हातातला रुमाल मागून घेतला आणि पिळला. दोन थेंब पडले.

"अर्धी बाटली ओतलीत तुम्ही," ती म्हणाली. "बाकीचं कुठे गेलं?"

"कुठे म्हणजे?"

"रुमाल नुसता ओलसर आहे. फरशी कोरडी आहे. मग पाणी गेलं कुठे?"

सेल्समनने घसा साफ केला. "मॅडम, याला बारीक भोकं आहेत. खालून गार हवा येते ना, त्यासाठी. उन्हाळ्यात पाठीला घाम येत नाही. थोडंफार आत जातं, पण वाळतं."

वहिनीने डोळे अगदी सीटजवळ नेले. होती भोकं. सुईच्या टोकाने टोचावीत तशी, ओळीने, सबंध सीटभर. फोटोत दिसली नव्हती. "नको," ती सरळ होत म्हणाली. "हे चालणार नाही."

ताई हे सगळे एक हात कमरेवर ठेवून बघत होती. ती पहाटेची निघाली होती, एका अशिलाची तारीख पुढे ढकलून आली होती, आणि तिच्या समजुतीप्रमाणे हे सगळे एका बाईच्या लहरीपायी. आता तिचा संयम संपला. "चालणार नाही? महिनाभर लेदर, लेदर, लेदर. माझ्या भावाला झोप नाही. सगळ्यात महागातलं मॉडेल तुझ्यासाठी उघडून दाखवलं, तर आता त्याला भोकं आहेत म्हणून नको? तुला नक्की हवंय तरी काय गं?"

"साधं लेदर हवंय. बिनभोकाचं."

"आणि ते कशाला?"

"पाणी सांडलं तर पुसता यावं म्हणून."

"पाणी, पाणी, पाणी. गाडीत बसून काय धबधबा सोडणार आहेस? एवढं काय मेलं सांडणार आहे? घरात काय तान्हं मूल आहे सीटवर मुतायला?"

"मी आहे," मास्तर म्हणाले.

ते मोठ्याने बोलले नव्हते. क्लच अर्धा सोडा, असे ज्या आवाजात ते सांगायचे त्याच आवाजात बोलले. पण शोरूम तशी शांत होती, आणि मधल्या मॉडेलचे दार उघडेच होते.

"मी मुततो सीटवर," ते म्हणाले. "ऑपरेशन झाल्यापासून. पाणीबिणी काही सांडलेलं नाही. या पोरीच्या हातून थेंबसुद्धा सांडलेला नाही."

पलीकडे एक नवरा-बायको निळ्या गाडीभोवती फिरत होते, ते थांबले. दादाचे कान लाल झाले. तो दोन पावले पुढे आला. "बाबा, हळू. लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच." मास्तर गाडीतून उतरले, दार धरून उभे राहिले. "हिला हपापलेली म्हणालात ते कोणासमोर? त्या गाडी बघायला आलेल्या माणसासमोर. फोनवर नावं ठेवलीत. जेवताना ठेवलीत. तेव्हा नव्हते लोक? एखादीला महिनाभर सोलायचं असलं तर लोक चालतात. माझी चड्डी ओली होते एवढं सांगायचं म्हटलं की लगेच हळू."

"पण आम्हाला माहीतच नव्हतं," दादा म्हणाला.

"वास येत होता तुला. डबी आणलीस तू."



ताईचा चेहरा उतरला होता. कोर्टात समोरचा साक्षीदार फिरला तर काय करायचे हे तिला ठाऊक होते. इथे साक्षीदार फिरला नव्हता. तीच चुकीच्या माणसाची उलटतपासणी करत होती. "मला का नाही सांगितलंत बाबा? मी तुमची मुलगी आहे. सुनेला माहीत आणि मला नाही?"

"तिला मी सांगितलं नाही. ती धुते म्हणून तिला कळलं."

"मग मला तरी सांगायचंत."

"तुला सांगितलं असतं," मास्तर म्हणाले, "तर तू माझ्याशी गोड बोलायला लागली असतीस."

ताईचे आणि बापाचे लहानपणापासून एका गोष्टीवर एकमत झाले नव्हते. फोन केला की राजकारणावरून, हवेवरून, तिच्या गाडी चालवण्यावरून दोघे तासभर भांडायचे आणि मग ठेवताना म्हणायचे, बरं वाटलं.

मास्तरांचा राग अजून संपला नव्हता. तो आता सुनेकडे वळला. "आणि तू. माझ्यासाठी वाईट व्हायला तुला कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं का, की माझ्या नावचं बिल तू भर म्हणून? मला एकदा विचारायचं होतंस."

एवढा वेळ वहिनी हातात तो ओला रुमाल घेऊन उभी होती. तिने तो सेल्समनला परत दिला.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "पुडकं आणून कपाटात ठेवलं, ते विचारणंच होतं. तुम्ही ते माझ्या टेबलावर आणून आदळलंत. मग कसं विचारायचं? आणि मला कोणी सांगितलं म्हणता, तर तुम्हीच. पाणी सांडलं, हे तुम्ही म्हणालात, मी नाही. आज सकाळी ताई मला काय काय बोलल्या. तुम्ही चार हातांवर बसला होतात, मास्तर. पेपर वाचत होतात."

तिचा आवाज चढला नव्हता, पण शब्दाशब्दाला जड होत गेला होता. वीस वर्षांत तिला सासऱ्यांशी असे बोलताना कोणी ऐकले नव्हते. दादा घाबरून वडिलांकडे बघू लागला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सगळे खरे. पण त्या मुठीची बोटे दुसऱ्याची होती आणि दुखत ती होती. हे मास्तरांना सकाळीच, व्हरांड्यात कळले होते. तरी ते बसून राहिले होते.

"वाचत नव्हतो," ते शेवटी म्हणाले. "नुसता धरला होता."

मग त्यांनी सेल्समनकडे मान वळवली. तो बिचारा बाटलीचे झाकण लावत होता, जसे काही त्यातच त्याचा दिवस जाणार होता. "ऐका. मला लघवी धरवत नाही. मला बसायला साधं, सपाट, पुसता येईल असं लेदर हवंय. छताला खिडकी नको, खालून हवा नको. आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना, सर," सेल्समन म्हणाला. "मधल्या मॉडेलमध्ये ऑर्डर दिली तर कंपनी बसवून देते. प्लेन काळं. फक्त गाडी यायला दोन-तीन महिने लागतात."

"या पत्रकात कुठेही लिहिलेलं नाही ते," ताई म्हणाली.

"कोणी मागत नाही, मॅडम. म्हणून छापत नाही."

"मग मघाशी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?" वहिनीने विचारले.

"तुम्ही कव्हरचं विचारलंत. नंतर पाण्याचं विचारलंत." तो जरा चाचरला. "असं सरळ कोणी विचारलंच नाही."

मास्तरांनी सह्या केल्या.

*

परत जुन्याच गाडीतून जायचे होते. वहिनी चालवत होती, तिच्या शेजारी दादा. मागे डावीकडे, नेहमीच्या जागी, टॉवेलवर मास्तर, आणि त्यांच्या शेजारी ताई. वहिनीचा राग शांत झाला होता असे म्हणवत नाही. तो फक्त गिअरमध्ये घातलेला होता. ती नेहमीपेक्षा जास्त नीट गाडी चालवत होती.

पुढे एका टेम्पोने अचानक वळण घेतले. मास्तरांचा उजवा पाय सवयीने चटईवर दाबला गेला.

"बाबा," ताई म्हणाली, "काच जरा खाली करू का?"

"नको."

"एसी लागतोय का तुम्हाला? पायाला गार लागत असेल."

मास्तरांनी तिच्याकडे वळून बघितले. हा आवाज त्यांनी आधी ऐकला होता. हॉस्पिटलमध्ये नर्स याच आवाजात विचारायच्या. बायकोच्या अखेरच्या दिवसांत तिच्या उशाशी बसून सगळे नातेवाईक याच आवाजात बोलायचे, आणि तिला तो किती असह्य व्हायचा हे त्यांना एकट्यालाच माहीत होते.

"नीट टेकून बसा हं, बाबा. पुढे रस्ता खराब आहे." तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कुठे थांबायचं का आपण? सांगा हं, संकोच करू नका."

"झालं सुरू," मास्तर म्हणाले.

"काय झालं?"

"म्हणूनच नव्हतं सांगितलं. तासही गेला नाही अजून. सकाळी मला काय म्हणालीस आल्या आल्या? दाढी का वाढवलीय, भिकाऱ्यासारखे दिसता. आता संकोच करू नका हं. सकाळचा मी आणि आताचा मी, काय फरक पडला?"

"मी काळजीने विचारतेय."

"त्यांना थांबायचं असलं तर ते सांगतील, ताई," वहिनी आरशात बघत म्हणाली. "तोंड आहे त्यांना."

"तू मध्ये बोलू नकोस."

"गाडी मी चालवतेय. थांबवायची मलाच आहे."

"थांबव," मास्तर म्हणाले.

वहिनीने आरशात बघितले.

"थांबव म्हणतोय ना. समोर पेट्रोल पंप आहे, तिथे घे." ते बाहेर बघत होते. त्यांच्या मानेपर्यंत रक्त चढले होते. "मला खरंच जायचंय. आणि कोणी हात धरायला यायचं नाही."

वहिनीने इंडिकेटर दिला आणि गाडी पंपाच्या कडेला घेतली. मास्तर उतरले आणि ताठ मानेने, झपाझप, मागच्या बाजूच्या संडासाकडे चालू लागले. दादा दार उघडू लागला तशी वहिनीने त्याचा दंड धरला. "बसा. ऐकलंत ना."

तिघे बसून राहिले. ताईने डोळे पुसले, नाक पुसले. मग तिच्या आवाजाला पुन्हा धार आली, कारण रडण्यापेक्षा तिला ते जास्त जमायचे. "तू मला एक फोन करू शकली असतीस."

"करणार होते," वहिनी पुढे बघतच म्हणाली. "फोन हातात घेतला होता. तेवढ्यात यांनी येऊन सांगितलं, ताई म्हणतेय आपण सोफा घेत नाहीये."

"ते मी गमतीत म्हटलं होतं."

"हपापलेली पण गमतीत?"

"ते नाही," ताई म्हणाली. "ते मनापासून म्हटलं होतं. मला तसंच वाटत होतं. तू मला तसं वाटू दिलंस. महिनाभर मी जी गाढव ठरले ती तुझ्या गप्प बसण्यामुळे."

"म्हणजे तुम्ही बोललात ती पण माझीच चूक?"

"निम्मी तुझी."

"एवढंही माझ्या पदरात घालू नका. वकिली कोर्टात करा."

"अगं, ती माफी मागतेय," दादा म्हणाला.

"ही माफी आहे?" वहिनी पहिल्यांदाच मागे वळली.

"तिची अशीच असते."

"तू गप्प बस दादा," ताई ओरडली. "सगळ्यात जास्त चूक तुझी. नवरा आहेस ना? बायको एवढी हटून बसलीय तर का, हे विचारायला तोंड नव्हतं तुला? इकडचं वाक्य तिकडे न्यायला बरं होतं. आणि डबी काय आणतोस? डबी?"

"बरोबर," वहिनी म्हणाली. "मोगऱ्याच्या वासाची."

"मोगऱ्याची?" ताईने कपाळाला हात लावला. "अरे, मेल्या."

दादाने दोघींकडे आळीपाळीने बघितले. सकाळपासून आपण ज्या बाजूला होतो तिथे आता कोणीच उरलेले नाही, हे त्याला समजले.

मास्तर परत येत होते. गाडीच्या काचा बंद होत्या तरी आतला आवाज बाहेर येत होता. ते दाराशी जरा थांबले. मग दार उघडून आत शिरले आणि बसले.

"आणि तूसुद्धा काही कमी नाहीस," ताई वहिनीला म्हणता म्हणता तशीच त्यांच्याकडे वळली, "बाबा, उठा आधी. माझ्या स्वेटरवर बसलात. काल इस्त्री केलीय मी त्याला. बसताना बघायचं नसतं का खाली?"

मास्तर अर्धवट उठले, स्वेटर ओढून काढला आणि तिच्या मांडीवर टाकला. "ओरडतेस कशाला?"

"मग काय गोड बोलू?"

"नको," मास्तर म्हणाले आणि टेकून बसले.